नवेगावबांधचं तळं कुणी बांधलं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझं अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

दिवाळी जवळ आली की मला एकाच प्रकारचे मेसेज येतात. गर्दी नसलेली जागा सांगा. जंगल हवं, तळं असेल तर फारच छान, एखादा प्राणी दिसला तर बोनस, नेटवर्क नसलं तरी चालेल. मी बहुतेकांना एकच नाव कळवते, नवेगावबांध. आज तेच उत्तर जरा सविस्तर देणार आहे, कारण या जागेबद्दल जे रील फिरतात त्यात एक शब्द हमखास असतो, 'अनटच्ड'. म्हणजे माणसाचा हात न लागलेली. आणि नेमकं तेच खरं नाही.

नुसतं नाव वाचा ना. नवे गाव. बांध. कुणीतरी येऊन वसवलेलं गाव आणि कुणीतरी घातलेला बांध. या नावात जंगल नाही, वाघ नाही, पक्षी नाहीत. आहेत त्या दोन्ही गोष्टी माणसाने केलेल्या. आपण जिथे 'माणसांपासून लांब' म्हणून जातो, ती जागा माणसांनीच घडवली आहे. कुणी घडवली, कशासाठी, आणि ती टिकवायचं काम कुणाच्या अंगावर पडलं, एवढंच आज सांगायचंय.

आधी जागा कुठे आहे ते बघू

नागपूरहून पूर्वेला निघायचं. भंडारा, साकोली मागे टाकून महामार्गावर कोहमारा लागतं. तिथून दक्षिणेकडे वळलं की गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांध. नागपूरपासून साधारण दीडशे किलोमीटर. या सगळ्या भागाला लोक झाडीपट्टी म्हणतात. इथली बोली झाडीबोली, इथली नाटकं झाडीपट्टीची नाटकं. साग, ऐन, बीजा, धावडा, मोह, तेंदू यांचं रान, आणि रानाच्या मधेमधे धानाच्या बांध्या. धान म्हणजे भात, आणि बांधी म्हणजे चारी बाजूंनी छोटा धुरा घातलेला धानाचा तुकडा. पुण्यामुंबईच्या लोकांना विदर्भ म्हटलं की कापूस आणि कोरडं रान आठवतं. त्यांनी ऑक्टोबरात एकदा इकडे यावं. जिकडे बघाल तिकडे हिरवं, आणि दर दोन-चार किलोमीटरवर पाणी.

भंडारा आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांना तलावांचे जिल्हे म्हणतात. गोंदिया जिल्हा तसा अलीकडचा, १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या कागदांत नवेगाव शोधायचं असेल तर भंडारा जिल्ह्यात शोधावं लागतं.

एवढा पाऊस, मग तलाव कशाला?

हा प्रश्न मलाही पडला होता. या भागात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हे ऐकून हेवा वाटेल. मग इथे हजारो तलाव खोदायची गरज का पडावी?

उत्तर धानात आहे. धान हे लाडावलेलं पीक. जूनमध्ये पऱ्हे टाकायला पाणी, रोवणीला पाणी, आणि सगळ्यात नाजूक वेळ म्हणजे धान फुलोऱ्यावर येऊन दाणा भरतो तेव्हा. ही वेळ येते सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे नेमकी पाऊस पाय काढता घेतो तेव्हा. तीन महिने धो धो पडलेला पाऊस शेवटच्या पंधरा दिवसांत गायब झाला, तर लोंबीत दाणाच भरत नाही. पोचट धान हाती येतं. सगळी मेहनत पाण्यात, खरं तर पाण्यावाचून.

म्हणजे इथला प्रश्न पाऊस कमी असण्याचा नव्हता, पाऊस वेळेआधी संपण्याचा होता. त्यासाठी श्रावणातलं पाणी आश्विनापर्यंत धरून ठेवायचं. एक-दोन पाण्याची सोय झाली तरी पीक हाती लागतं. तलाव म्हणजे हा पंधरा दिवसांचा विमा. हे एकदा समजलं की इथल्या गावांची रचना उलगडते. वर डोंगर आणि जंगल, त्याखाली तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, आणि बाजूला उंचवट्यावर गाव. जंगल, तळं, शेत ही तीन वेगळी दृश्यं नाहीत. पावसाचं पाणी ज्या उतरंडीने खाली येतं, त्याच क्रमाने ती मांडलेली आहेत.

कोहळी नावाचे लोक

हे तलाव बांधणाऱ्यांमध्ये सगळ्यात मोठं नाव कोहळी समाजाचं. १९१६ साली आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा मोठा ग्रंथ छापला. त्यात कोहळ्यांची ओळखच अशी दिली आहे की वैनगंगेच्या खोऱ्यातले मोठमोठे तलाव बांधणारे ते हेच. त्या वेळी त्यांची संख्या फक्त सव्वीस हजारांच्या घरात होती. एवढासा समाज, आणि अख्ख्या खोऱ्याचा नकाशा बदलून बसलेला.

कोहळ्यांची स्वतःची आठवण अशी की एक गोंड राजा काशीला गेला होता, परतताना त्याने आपल्या पूर्वजांना तिकडून सोबत आणलं. भंडाऱ्याकडचे कोहळी सांगायचे की आपली पहिली वस्ती लांजीला होती. लांजी आज मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात आहे. आता काशीची गोष्ट इतिहास म्हणून किती धरायची? बऱ्याच समाजांना आपलं मूळ काशीला जोडायला आवडतं, तेव्हा जरा जपूनच. पण त्या गोष्टीतला एक धागा मला महत्त्वाचा वाटतो. ती सांगते की राजाला पाणी धरून ठेवणारी माणसं हवी होती, आणि ती त्याने मागवून घेतली.

गोंड राजांच्या बाबतीत अजून एक परंपरा सांगितली जाते. जंगल तोडून गाव वसवेल त्याला गावाचा हक्क, आणि तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजणारी जमीन. विचार करा, किती सरळ हिशोब आहे. पाळ जितकी चांगली, पाणी तितकं लांब जाणार, जमीन तितकी जास्त मिळणार. राजाला खजिन्यातून पैसा काढावा लागत नाही, आणि बांधणाऱ्याला काम नीट करण्यात स्वतःचा फायदा दिसतो. आजच्या भाषेत सांगायचं तर कंत्राटदारालाच धरणाखाली शेती करायला लावलं होतं. पाळ फुटली तर पहिलं नुकसान त्याचंच!

कोलू पाटील आणि सात बहिणी

नवेगावचं तळं बांधणाऱ्याचं नाव सुदैवाने हरवलेलं नाही. कोलू पाटील कोहळी. काळ अठराव्या शतकाची सुरुवात असा सांगितला जातो. तळ्याभोवती डोंगरांचं कडं आहे. डोंगरांच्या मधल्या खिंडींतून पाणी वाहून जायचं, त्या खिंडी मातीने बुजवल्या. तिन्ही बाजूंच्या भिंती निसर्गाने दिल्या होत्या, कोलू पाटलाने दार लावलं. रसेल आणि हिरालाल यांच्या ग्रंथात या तळ्याचा विस्तार पाच चौरस मैल आणि घेर सतरा मैल दिला आहे. म्हणजे सुमारे तेरा चौरस किलोमीटर पाणी, आणि काठाने एक चक्कर मारायची तर सत्तावीस किलोमीटर. ना नकाशे, ना सर्वेक्षणाची यंत्रं. कोणत्या डोंगराचं पाणी कुठे उतरतं हे बघत, पावसाळे मोजत केलेलं काम.

लोकांनी कोलू पाटलाला देव केलं. तो कोलासूर देव झाला, तळ्याजवळच्या एका टेकडीवर त्याचं ठाणं आहे. आणि आजूबाजूच्या सात शिखरांना म्हणतात सात बहिणी. गोष्ट अशी की दिवसभर मजूर पाळीवर माती टाकायचे, संध्याकाळी घरी जायचे, आणि रात्री या सात बहिणी येऊन काम पुढे न्यायच्या. कोलासुराच्या टेकडीवर पांढरट पिवळे दगड आहेत, त्या म्हणे बहिणींनी माती वाहिलेल्या टोपल्या.

ही गोष्ट मला फार आवडते, आणि थोडी खटकतेही. आवडते कारण एवढं मोठं काम एकट्या पाटलाचं नव्हतं हे गोष्टीला माहीत आहे. आणि डोक्यावर टोपली घेऊन माती वाहणाऱ्या बायका होत्या, हेही तिला आठवतं. खटकते अशासाठी, की त्या बायकांना देवी केल्यावर त्यांच्या मजुरीचा प्रश्नच संपतो. देवीला कोण रोजी देणार? पाटलाचं नाव राहिलं, वंश राहिला, जमीन राहिली. टोपली वाहणाऱ्या मात्र डोंगर होऊन गप्प बसल्या. माझा हा तर्क आहे, पुरावा नाही. पण मातीकाम कुठल्याही काळात आपोआप होत नाही, एवढं तर आपल्याला कळतं.

पाळीवर उभं राहून काय दिसतं

दोन हिवाळ्यांपूर्वी मी तिथे गेले होते तेव्हा पहिला दिवस सगळे करतात तसाच केला. तळ्याचे फोटो, पक्ष्यांचे फोटो, चहा. दुसऱ्या दिवशी पाळीवर चालत गेले. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. चालताना एका हाताला आभाळाएवढं पाणी आणि दुसऱ्या हाताला, बरंच खाली, कापणी झालेल्या बांध्या. वर्षानुवर्षं पाठ केलेली शांतता इथे असते, पण या उंचीच्या फरकाकडे बघितलं की पोटात जरा गोळाच येतो. हे सगळं पाणी तीनशे वर्षं मातीने अडवून धरलंय!

जुन्या तलावांची रचना थोडी समजून घ्या, म्हणजे कुठल्याही तळ्यावर गेलात तरी ओळखता येईल. पाळीच्या एका टोकाला सांडवा असतो. तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथून निघून जातं, नाहीतर ते पाळीवरून वाहील आणि पाळ कापून टाकेल. दुसरी गोष्ट म्हणजे पाणी सोडायची जागा. या भागात तिला तुडूम म्हणतात. वेगवेगळ्या उंचीवर भोकं आणि त्यांना बुचं. पाणी जसजसं उतरेल तसतसं खालचं बूच काढायचं. वरचं पाणी आधी वापरलं जातं. तिसरी गोष्ट म्हणजे पाट, ज्यातून पाणी बांधीपर्यंत जातं. आणि एका तलावाचं सांडलेलं पाणी खालच्या तलावात, तिथलं त्याच्या खालच्या बोडीत. बोडी म्हणजे छोटं तळं, बहुतेक एखाद्याच्या शेतातलं. थेंब वाया जाऊ द्यायचा नाही असा सगळा थाट.

पण हे सगळं चालतं कशावर? दरवर्षी उन्हाळ्यात पाळीला पडलेल्या भेगा बुजवायच्या, उंदीर-खेकड्यांची बिळं शोधायची, गाळ काढून शेतात टाकायचा, पाट साफ करायचे. पावसाळ्यात रात्री-अपरात्री सांडव्यावर नजर ठेवायची. आणि पाणी सोडताना कुणाच्या बांधीत आधी आणि कुणाच्या नंतर, यावर गावाचं एकमत व्हायला हवं. तलाव एकदा बांधून होत नाही, तो दरवर्षी थोडा थोडा पुन्हा बांधावा लागतो.

मालगुजार आले, मालगुजार गेले

आता जरा राजकारण. गोंड राजांनंतर हा भाग नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८५३ साली तिसरे रघूजी वारस न ठेवता वारले आणि इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. त्याच दशकात इंग्रजांनी एक मोठा निर्णय घेतला. गावाचा सारा गोळा करणारे जे पाटील होते, त्यांना गावाचे मालकच करून टाकलं. हे मालगुजार. गावची जमीन, जंगल आणि तलाव, सगळं मालगुजाराच्या नावावर. म्हणून या तलावांना मालगुजारी तलाव हे नाव पडलं. लक्षात घ्या, यातले कितीतरी तलाव मालगुजारी पद्धतीच्या आधीचे. नाव मात्र नंतरच्या मालकाचं.

काही लोक या काळाबद्दल गहिवरून बोलतात. मालगुजार होते तेव्हा तलाव कसे ठणठणीत होते, वगैरे. ते अर्धं खरं आहे. मालगुजाराची स्वतःची मोठी शेती तलावाखाली असायची, त्यामुळे तो पाळीकडे लक्ष द्यायचा हे बरोबर. पण काम कोण करायचं? कुळं आणि मजूर. त्यात वेठबिगार होती. पाणी कुणाला आधी, यात मालगुजाराचा शब्द शेवटचा.

आणि तलाव म्हणजे जादू नव्हती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ मध्य प्रांतावर आले. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या दहा टक्क्यांहून जास्त घटली. तलावांच्या जिल्ह्यात! पंधरा दिवसांचा विमा अख्ख्या वर्षाच्या दुष्काळाला पुरत नाही. आणि ज्याच्याकडे स्वतःची बांधीच नाही, त्याला तलावातलं पाणी भरलेलं असूनही काय उपयोग?

स्वातंत्र्यानंतर, तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने १९५० साली कायदा करून मालगुजारी रद्द केली. ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारचे झाले. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. एका घराण्याच्या हातात गावाचं पाणी असणं कसं चालेल? पण मालकी घेताना एक गोष्ट सुटली. मालकीबरोबर दरवर्षीचं ते काम कोण करणार, याची नीट व्यवस्था लागली नाही. मालगुजाराची जबाबदारी संपली, गावाला हक्क मिळाला नाही, आणि सरकारी खात्याला हजारो छोट्या तलावांकडे दरवर्षी बघायला ना माणसं होती ना पैसा. गाळ साचत गेला. पाळींवर झाडं उगवली. पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर लोक शेती करू लागले.

या तलावांना सरकारी कागदात 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. लोकांनी त्याचं छोटं रूप केलं, मामा तलाव. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. मामा हा तसा प्रेमाचा माणूस. पण या मामाच्या गावाला जायला कितीतरी वर्षं कुणाला सवड झाली नाही.

जंगल 'पार्क' झालं तेव्हा

१९७० साली महामार्गाच्या उत्तरेकडचं नागझिरा अभयारण्य झालं. नागझिरा या नावात झिरा आहे, म्हणजे झरा. तिथेही पुन्हा पाणीच. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७५ साली नवेगावला राष्ट्रीय उद्यान झालं, सुमारे १३४ चौरस किलोमीटरचं. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, कोका हे सगळं मिळून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला.

मराठी वाचकाला नवेगाव माहीत झालं ते मारुती चितमपल्ली यांच्यामुळे. वनाधिकारी म्हणून ते इथे राहिले, आणि इथल्या रानावर, तळ्यावर, पक्ष्यांवर त्यांनी लिहिलं. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' हे शब्द मराठीला त्यांनी दिले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या लेखनात एक माणूस सारखा भेटतो, नवेगावचे माधवराव पाटील. पक्षी, मासे, झाडं, पाण्याच्या खाणाखुणा यांचं ज्ञान आपल्याला या पाटलांकडून आणि रानातल्या माणसांकडून मिळालं, हे चितमपल्लींनी मोकळेपणाने लिहिलंय. म्हणजे ज्या लेखकामुळे आपण नवेगावला 'निसर्ग' म्हणून ओळखतो, तो लेखक स्वतः तिथल्या माणसांचं बोट धरून निसर्ग शिकत होता. आपण मात्र पुस्तकातले पक्षी घेतले आणि पाटील विसरलो.

आता या तळ्याचं जंगलाशी काय नातं आहे ते बघा. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदकं, म्हणजे तलवार बदक, लालसरी, चक्रवाक, हे इथे उतरतात ते कोलू पाटलाच्या पाण्यावर. उन्हाळ्यात चितळ, सांबर, रानगवे पाण्यावर येतात आणि त्यांच्या मागे बिबट्या, वाघ, रानकुत्रे. सारस घ्या. माणसाएवढा उंच पक्षी, जोडीने राहणारा. महाराष्ट्रात तो उरलाय जवळजवळ फक्त गोंदिया आणि लगतच्या भंडाऱ्यात, जेमतेम काही डझन. का? कारण त्याला लागतं उथळ पाणी आणि धानाची बांधी. तो घरटं करतो तलावाच्या काठच्या पाणवनस्पतींत किंवा सरळ धानातच. शेतकऱ्याने बांधी सोडली, तलाव आटला, तर सारस कुठल्या पार्कात जाऊन राहणार?

नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' वाघ आठवतो? २०१३ मध्ये तो तिथून निघून उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला आणि प्रसिद्ध झाला, आणि २०१६ मध्ये बेपत्ता झाला. तो चालला ते काही सलग जंगलातून नव्हे. मध्ये शेतं होती, गावं होती, रस्ते होते. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. वाघ असो की सारस, त्यांचं जग पार्कच्या पाटीपाशी संपत नाही.

आज टोपली कुणाच्या डोक्यावर आहे?

कोहळ्यांबरोबर अजून एका समाजाचं नाव घ्यायलाच हवं. धीवर, म्हणजे मासेमारी करणारे. तलाव कोहळ्यांनी बांधले असतील, पण तलावाच्या पोटात काय चाललंय हे धीवरांना ठाऊक. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कोणत्या महिन्यात जाळं टाकायचं नाही, हे सगळं. गेल्या काही दशकांत तलावांमध्ये रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडलं गेलं. उत्पन्नासाठी ते ठीक, पण स्थानिक मासे मागे पडले. त्यात बेशरम नावाची वनस्पती आली. जांभळट गुलाबी फुलं, दिसायला गोड, पण एकदा काठावर पाय रोवला की तळं गिळत जाते. गुरंही तिला तोंड लावत नाहीत.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या काही गावांत गेल्या काही वर्षांत धीवर बायकांनी गट करून हे काम हातात घेतलं. चिखलात उतरून बेशरम मुळासकट उपटायची, तलावाचा तळ तयार करायचा, दुसऱ्या तलावातून स्थानिक पाणवनस्पतींची रोपं आणून लावायची. वनस्पती आल्या की त्यावर कीटक, त्यामागे स्थानिक मासे, त्यामागे पक्षी. स्थानिक संस्था आणि अभ्यासक सोबत आहेत, पण जुनं ज्ञान समाजाचंच वापरलं. आणि यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ज्या समाजात तलावाच्या कारभारात बायकांचं मत विचारलं जात नव्हतं, तिथे मासेमारीच्या सहकारी संस्थांत त्या बसू लागल्या.

सात बहिणी रात्री येऊन काम करायच्या म्हणे. या बायका दिवसाढवळ्या करतात, गुडघाभर चिखलात. त्यांना देवी करायची गरज नाही. तलावावर हक्क आणि कामाची मजुरी मिळाली तरी पुष्कळ झालं.

सरकारनेही जलयुक्त शिवार, गाळमुक्त धरण अशा योजनांतून तलावांतला गाळ काढायला सुरुवात केली. चांगलंच आहे. पण जेसीबी एका उन्हाळ्यात येऊन जातो. पाळीवरचं बीळ पुढच्या पावसाळ्यात दिसतं. ते बघायला कुणीतरी तिथे राहणारं, ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे असं माणूस लागतं. गोंड राजांच्या हिशोबात हेच तर होतं. १९५१ मध्ये मालगुजार काढला तेव्हा त्याच्या जागी गावाला बसवलं असतं, तर कदाचित मला आज हा भाग करावाही लागला नसता.

तर मग जायचं की नाही?

जायचंच! नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पक्षी असतात, थंडी असते, आणि धानाची कापणी झाल्यामुळे गावोगाव मंडई भरते, रात्री झाडीपट्टीची नाटकं असतात. एक तरी नाटक बघाच. तंबूत रात्रभर बसून शेकडो माणसं नाटक बघतात, तिकीट काढून. ते तिकिटाचे पैसेही धानातूनच आलेले असतात, म्हणजे फिरून तलावातूनच.

तिथे गेलात की सफारीच्या आधी किंवा नंतर अर्धा तास काढा आणि पाळीवरून चाला. सांडवा कुठे आहे ते शोधा. खालच्या बांध्यांकडे बघा. गावातल्या कुणाला तरी विचारा, यंदा पाणी कधी सोडलं? या एका प्रश्नावर लोक जेवढं बोलतात तेवढं वाघावर बोलत नाहीत. राहायला गावातली सोय मिळाली तर ती घ्या, मासे धीवरांकडून घ्या. आणि फोटो टाकताना 'अनटच्ड' लिहू नका. तिथल्या प्रत्येक ढेकळाला कुणाचा तरी हात लागलाय.

पुढच्या भागापर्यंत तुम्हाला एक काम. तुमच्या गावात किंवा शहरात एखादं जुनं तळं असेलच. ते कुणी बांधलं, त्याची डागडुजी आधी कोण करायचं आणि आता कोण करतं, हे घरातल्या एखाद्या आजी-आजोबांना विचारा आणि त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून मला पाठवा. पुरेसे आवाज जमले, तर त्यांचाच एक भाग करू. भेटूया.